औषधांचा डबा आणि विम्याचा अर्ज

वाचकांचे प्रश्न : परदेश प्रवासातील आजारपण आणि विमा

दिवाळीनंतर मुलांकडे जाऊन हिवाळा तिकडेच काढण्याचे बेत आता चार-सहा महिने आधी ठरतात, तिकिटेही वेळेवर काढली जातात, आणि विम्याची आठवण मात्र बॅगा भरताना होते. या खेपेस आलेली बहुतेक पत्रे अशाच बेतात असलेल्या वाचकांची आहेत. प्रवास विम्याचे दावे तपासण्याच्या कामात मी बावीस वर्षे काढली, आणि त्या काळात बुडालेले जे दावे पाहिले, त्यांतले पुष्कळसे परदेशातल्या रुग्णालयात पोहोचण्याआधीच, इथे घरी बसून अर्ज भरताना बुडाले होते. त्यामुळे खालील उत्तरांत अर्जाचा उल्लेख वारंवार येईल. वाचकांनी तो सहन करावा.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीला असते. तिच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे ऑक्टोबरअखेर सहा महिन्यांसाठी जाणार आहोत. माझे वय ६३, यांचे ६८. यांना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि २०२१ मध्ये अँजिओप्लास्टी झाली आहे. आमचा दहा लाखांचा मेडिक्लेम आहे, तो तिकडे चालेल का? जावई म्हणतात की विमा इथे आल्यावर घेऊ. नेमके काय करावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी मेडिक्लेमचे पाहू. आपल्याकडच्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी भारतात घेतलेल्या उपचारांपुरत्याच असतात. काही महागड्या पॉलिसींत परदेशातील उपचारांची सोय असते, परंतु ती ठरावीक गंभीर आजारांवरच्या, आधी मंजुरी घेऊन केलेल्या उपचारांसाठी असते. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले तर ती कामाला येईलच असे नाही. पॉलिसीत भौगोलिक मर्यादेचे कलम असते, ते काढून वाचावे. मेडिक्लेम तिकडे चालणार नसला तरी त्याचा हप्ता मात्र चुकवू नका. नूतनीकरणाची तारीख आपल्या मुक्कामाच्या काळात येत असेल, तर तो जाण्याआधी कसा भरता येईल हे कंपनीला विचारून ठेवा. तिकडे नातवंडात रमलेल्या आजी-आजोबांची पॉलिसी इकडे बंद पडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, आणि या वयात, अँजिओप्लास्टीनंतर, नवी पॉलिसी मिळणे सोपे नसते.

पर्यटक व्हिसावर अमेरिकेत येणाऱ्यांना विम्याची सक्ती नाही, आणि त्यामुळेच अनेक जण गाफील राहतात. तिथल्या ज्येष्ठांसाठी असलेली मेडिकेअर योजना पाहुण्यांना लागू होत नाही. जावयांच्या कंपनीच्या विम्यातही सासू-सासऱ्यांचे नाव सहसा घालता येत नाही. १९८६ च्या तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार इमर्जन्सी विभागाला पैशांच्या कारणावरून रुग्णाला परत पाठवता येत नाही, तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते, हे खरे आहे. पण बिल माफ होते, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. बिल मागाहून घरच्या पत्त्यावर येते, आणि तेही एकरकमी नाही : रुग्णालयाचे वेगळे, डॉक्टरांचे वेगळे, रुग्णवाहिकेचे वेगळे.

विमा इथून घ्यावा की तिथे पोहोचल्यावर, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, पण एक नियम पाळावा : ज्या क्षणी विमान धावपट्टी सोडते, त्या क्षणी काही ना काही विमा चालू असलाच पाहिजे. तिकडे गेल्यावर घेतलेल्या काही पॉलिसींत पहिले काही दिवस प्रतीक्षेचे असतात, आणि मधल्या काळात आजारपण आलेच, तर तो पुढे 'आधीपासूनचा आजार' ठरतो. भारतीय कंपनीची पॉलिसी रुपयांत, तुलनेने स्वस्तात मिळते. परंतु साठी-सत्तरीपुढच्यांसाठी त्यांतल्या अनेक पॉलिसींत खोलीभाडे, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया अशा प्रत्येक बाबीला स्वतंत्र मर्यादा घातलेली असते. मुखपृष्ठावर एक लाख डॉलर छापलेले असते आणि आत दर दिवसाच्या खोलीला मिळणारी रक्कम बिलाच्या निम्मीही भरत नाही.

अमेरिकन कंपन्यांच्या पाहुण्यांसाठीच्या पॉलिसी दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, वरचा सगळा भार आपला. हप्ता कमी असल्याने एजंट आणि नातेवाईक हीच सुचवतात. माझे मत स्पष्ट आहे, ही घेऊ नये. दुसरा प्रकार सर्वसमावेशक पॉलिसीचा. तिचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. समजा, पहिले २५० डॉलर आपले (याला डिडक्टिबल म्हणतात), पुढच्या ५,००० डॉलरपर्यंत कंपनी ८० टक्के देणार आणि त्यापुढे पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत सगळे देणार, अशी अट आहे. बिल २०,००० डॉलर झाले तर आपल्या खिशातून २५० अधिक १,००० असे १,२५० डॉलर जातील. रुग्णालय कंपनीच्या नेटवर्कमधले, म्हणजे तिच्याशी करार असलेले, असेल तरच हा हिशेब असा सरळ राहतो.

आता आपल्या प्रश्नाचे मर्म. यजमानांना मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार तिन्ही आहेत. अशा 'आधीपासूनच्या आजारां'चे नियमित उपचार कोणत्याही प्रवास विम्यात बसत नाहीत. भारतीय पॉलिसींत बहुधा जीव वाचवण्यापुरते उपचार, तेही मर्यादेत, बसतात. अमेरिकन पॉलिसींत या आजाराने अचानक उचल खाल्ल्यास काही रक्कम मिळते. त्या कलमातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा असतो : त्रास अचानक, आधी कोणतीही चिन्हे न दिसता झालेला असावा, आणि साधारणपणे चोवीस तासांच्या आत उपचार घेतलेले असावेत. तीन दिवस छातीत जडपणा वाटत होता, पण 'उगाच मुलीला कशाला त्रास' म्हणून गप्प राहिलो, असे जर रुग्णाने तिथल्या डॉक्टरांना सांगितले, तर दावा तिथेच अडतो. आणि ते दडवावे असे मी सांगत नाही. पहिल्याच दिवशी मुलीला सांगावे, एवढेच सांगते. वयाचीही अट पाहा. कित्येक योजनांत सत्तरीनंतर ही सोय मिळत नाही किंवा तिची मर्यादा फार खाली येते. आपल्या यजमानांच्या बाबतीत हे कलम ज्या पॉलिसीत सर्वांत भक्कम असेल, ती हप्ता जास्त असला तरी घ्यावी. आपली स्वतःची पॉलिसी मात्र वेगळी, साधी चालेल. दोघांनी एकच योजना घेतली पाहिजे असे काही नाही.

औषधांविषयी आता थोडे विस्ताराने लिहिते, कारण विम्यापेक्षा त्यांचीच गरज रोज पडणार आहे. स्वतःच्या वापरासाठी साधारण ९० दिवसांची औषधे बरोबर नेता येतात. आपला मुक्काम सहा महिन्यांचा असल्याने उरलेल्या तीन महिन्यांची तजवीज जाण्याआधीच करायला हवी. मधुमेहाच्या गोळीच्या पट्टीवर विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन किंवा व्होग्लिबोज यांपैकी एखादे नाव आहे का, हे आजच पाहा. आपल्याकडे ही औषधे सर्रास दिली जातात, परंतु अमेरिकेत त्यांना मान्यताच नाही. तिथला डॉक्टर ती लिहून देऊ शकत नाही आणि औषधविक्रेत्याकडे ती मिळणार नाहीत. रक्तदाबासाठी सिल्निडिपिन चालू असेल तर त्याचेही तसेच. आपल्या डॉक्टरांकडून तिथे मिळणारा पर्याय लिहून घ्या, आणि गोळी बदलायचीच असेल तर ती निघण्याच्या दोन-तीन महिने आधी बदलून साखर व रक्तदाब स्थिर होऊ द्या. निघायच्या आदल्या आठवड्यात बदललेले औषध प्रकृतीला आणि विमा कंपनीला, दोघांनाही मानवत नाही.

गोळ्या मूळ पट्टीतच न्या. सात कप्प्यांच्या डब्यात काढून ठेवलेल्या पांढऱ्या गोळ्या कशाच्या, हे विमानतळावर कोणाला सांगणार? पट्टीच्या ज्या कडेवर नाव आणि मुदत छापलेली असते, त्या बाजूच्या गोळ्या शेवटी काढायच्या, ही सवय दोघांनीही लावून घ्यावी. डॉक्टरांचे पत्र छापील हवे आणि त्यात व्यापारी नावांऐवजी औषधांची मूळ नावे हवीत. क्रोसिन म्हटले तर तिथे कोणाला कळणार नाही, आणि पॅरासिटामॉललाही तिथे ॲसिटामिनोफेन म्हणतात; दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल तिथे आल्ब्युटेरॉल होते. यजमानांची ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन तिथे ८१ मिलिग्रॅमची मिळते, ती चालेल का हेही विचारून ठेवा.

कागदांत अँजिओप्लास्टीचे डिस्चार्ज कार्ड, स्टेंटचे कार्ड आणि अलीकडचा ईसीजी असलाच पाहिजे. जुना ईसीजी हाताशी असला की नव्यात दिसणारा बदल आजचा की चार वर्षांपूर्वीचा, हे डॉक्टरांना लगेच ठरवता येते, आणि एखादे वेळी नुसत्या त्या कागदामुळे रुग्णालयातली रात्र वाचते. त्याचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. डिंकाचे लाडू आणि आळिवाची पाकिटे तराजूवर तोलून बॅगेत बसवणारी आपली मंडळी ही फाईल मात्र कपाटावर विसरतात.

पोहोचल्यावर लगेच घराजवळचे अर्जंट केअर केंद्र पाहून ठेवा. ताप, लघवीची जळजळ, चार टाके पडतील अशी जखम, यांसाठी तिथेच जावे. इमर्जन्सी विभागात त्याच तक्रारीचे बिल कितीतरी अधिक होते, आणि दाखल न होता परतल्यास काही पॉलिसी वेगळी जादा रक्कमही कापतात. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोलताना जीभ अडखळणे यांसाठी मात्र हिशेब न करता ९११ ला फोन करावा. बिल आलेच, तर बाबवार तपशील मागितल्याशिवाय ते भरू नये. आणि रुग्णालय ना-नफा तत्त्वावरचे असेल तर आर्थिक मदतीचा अर्ज मागावा, कारण अशा रुग्णालयांना तिथल्या कायद्याने मदतीचे लेखी धोरण ठेवावे लागते. ही मदत प्रत्येक पाहुण्याला मिळतेच असे नाही, पण मागितल्याशिवाय ती कोणी देत नाही.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तीही सांगते. नवजात बाळाजवळ राहणाऱ्या सर्व मोठ्या माणसांनी धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांची एकत्रित लस व त्या हंगामाची फ्लूची लस घेतलेली असावी, असा तिथल्या डॉक्टरांचा आग्रह असतो. बाळाला हातात घेण्याच्या किमान दोन आठवडे आधी ती झालेली बरी. न्यूमोनियाच्या लसीविषयी यजमानांच्या डॉक्टरांना विचारा. आणि पंधरा-सोळा तासांच्या उड्डाणात दर तासा-दीड तासाने उठून चार पावले चाला. पायांतल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका चार तासांहून लांबच्या प्रवासापासून वाढतो.

प्रश्न : आम्ही सिंगापूरला फिरायला गेलो असताना माझे यजमान हॉटेलच्या ओल्या पायरीवर पडले व मनगटाचे हाड मोडले. तिथला खर्च आम्ही भरला. परत आल्यावर दावा केला, तर 'आठ वर्षांचा रक्तदाब अर्जात लपवला' या कारणाने कंपनीने तो नाकारला. अर्ज एजंटने भरला होता, आम्ही फक्त सही केली. काही करता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : करता येईल, आणि करावे. आपल्या पत्राबरोबरची कागदपत्रे पाहिली. तिथल्या केस पेपरच्या पहिल्या ओळीत रक्तदाबाचा व चालू गोळीचा उल्लेख आहे, तोच कंपनीने धरला आहे. पण तिसऱ्या ओळीत डॉक्टरांनी 'ओल्या पायरीवरून घसरून पडले, चक्कर नाही, शुद्ध हरपली नाही' अशा अर्थाचे स्पष्ट लिहिले आहे. आपल्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा हाच आहे, आणि कंपनीच्या पत्रात त्याचा शब्दही नाही. मोडलेल्या मनगटाचा रक्तदाबाशी संबंध काय, हा प्रश्न कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी विचारा. सोबत अर्जाची प्रत मागा; ती मिळवण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि कित्येकदा आरोग्याच्या प्रश्नांपुढच्या खुणा वेगळ्या शाईत किंवा संगणकावर आपोआप 'नाही' अशा भरलेल्या सापडतात.

दोन आठवड्यांत समाधान झाले नाही तर विमा नियामक प्राधिकरणाच्या बीमा भरोसा या पोर्टलवर तक्रार नोंदवा. त्यापुढची पायरी विमा लोकपालाची. महाराष्ट्रात मुंबई, पुणे व ठाणे येथे त्यांची कार्यालये आहेत. शुल्क नाही, वकिलाची गरज नाही, आणि लोकपालाने दिलेला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र कंपनीने अंतिम नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत तिथे जायला हवे, म्हणून नकाराचे पत्र आणि त्याचे पाकीट जपून ठेवा.

एवढे सांगून झाल्यावर आपल्यालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. दावा मनगटाऐवजी हृदयाचा असता, तर आपली बाजू फार लंगडी पडली असती. 'एजंटने भरला' हे उत्तर मी टेबलाच्या पलीकडून शेकडो वेळा ऐकले आहे आणि त्याने फारसे कोणाचे भले झालेले नाही, कारण सही खाली आपली असते. एजंट वाईट असतो असे नाही. 'बीपी आहे' म्हटले की हप्ता वाढतो किंवा तपासण्या मागे लागतात, गिऱ्हाईक नाराज होते, म्हणून तो विचारतच नाही. यापुढे अर्ज समोर बसून भरा, रोज घेतली जाणारी प्रत्येक गोळी त्यात लिहा, आणि पॉलिसी हातात आल्यावर त्यातली आरोग्याची माहिती आपण दिलेलीच आहे ना, हे निघण्याआधी ताडून पाहा.

प्रश्न : मी इन्शुलिनवर आहे. मुलाकडे लंडनला दोन महिने जायचे आहे. इन्शुलिन विमानात नेऊ देतात का? संपले तर तिथे मिळते का? तिथे उपचार फुकट असतात असे ऐकले आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नेऊ देतात, आणि ते हातातल्या बॅगेतच न्यायचे असते. सामानाच्या कप्प्यातल्या थंडीत इन्शुलिन गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्शुलिन टाकून द्यावे लागते. हे मला तेव्हाही माहीत होते, तरीही २०१४ साली आईला लंडनला नेताना, हातातली बॅग जड झाली म्हणून, मी अर्ध्या बाटल्या आणि साखर मोजायचे यंत्र मोठ्या बॅगेत टाकले. ती बॅग आमच्याबरोबर पोहोचली नाही. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या औषधविक्रेत्याकडून नवे यंत्र आणले, आईच्या बोटाला सुई लावली, आणि पडद्यावर आकडा आला ११.२. आईने चष्मा वर करून विचारले, ''अगं, हिमोग्लोबिन कशाला तपासतेस?''

तिथे साखर मिलिमोलमध्ये मोजतात. त्या आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो. म्हणजे आईची साखर दोनशेच्या घरात होती. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत मिलिमोलच चालते, अमेरिकेत मात्र आपल्यासारखेच मिलिग्रॅम. आपले यंत्र आणि पुरेशा पट्ट्या बरोबर न्या, आणि मुलालाही हा अठराचा गुणाकार शिकवून ठेवा.

यापेक्षा गंभीर गोष्ट सिरिंजची आहे. आपल्याकडे बाटलीतले इन्शुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज येते. परदेशात बाटलीतले इन्शुलिन सर्वसाधारणपणे १०० युनिटचे असते. तिथे घेतलेले इन्शुलिन जर आपल्या लाल टोपणाच्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरले, तर शरीरात अडीचपट डोस जातो आणि साखर जिवावर बेतेल इतकी खाली येऊ शकते. आमच्या वेळी त्या औषधविक्रेत्या बाईंनी माझ्या हातातली लाल टोपणाची सिरिंज पाहून ती बाजूला ठेवायला लावली, म्हणून निभावले. पेनमधले इन्शुलिन आपल्याकडेही १०० युनिटचेच असते. तेव्हा शक्य असल्यास डॉक्टरांना विचारून प्रवासापुरते तरी पेनवर जा. पूर्ण मुक्कामाला पुरेल त्याच्या दीडपट साठा न्या आणि तो दोन हातबॅगांत विभागून ठेवा. डॉक्टरांच्या पत्रात सुया आणि सिरिंज यांचाही उल्लेख हवा.

फुकट उपचारांविषयी : तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या अपघात व तातडीच्या विभागात होणारे उपचार पाहुण्यांनाही विनामूल्य असतात. परंतु रुग्णाला वॉर्डात दाखल करून घेतले की ती सवलत संपते आणि पाहुण्याला नेहमीच्या दराच्या दीडपट आकारणी होते. ५०० पौंड किंवा त्याहून अधिक रक्कम दोन महिने थकली तर ती व्हिसा खात्याला कळवली जाऊ शकते व पुढच्या व्हिसाला अडचण येते. मुलाने व्हिसाबरोबर जो आरोग्य अधिभार भरला असेल तो त्याच्यापुरता आहे, आपल्याला नाही. तेव्हा विमा घ्या, आणि अर्जात 'इन्शुलिन चालू' हे शब्द लिहा. नुसते 'मधुमेह' पुरेसे नाही.

प्रश्न : मुलगा दुबईला नोकरीला आहे. दिवाळीत महिनाभर त्याच्याकडे जाणार आहोत. सासूबाईंना पायांच्या आगीसाठी आणि झोपेसाठी गोळ्या चालू आहेत. औषधांची काही अडचण येते का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : येऊ शकते. पायांची आग होते म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत बहुधा प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन असते, झोपेच्या गोळीत अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम. संयुक्त अरब अमिरातीत ही नियंत्रित औषधे आहेत. गुडघेदुखीसाठी ट्रॅमाडॉल आणि खोकल्याचे कोडीन असलेले औषध यांचेही तसेच. आपल्याकडे शेजारच्या दुकानात मिळणारी गोळी तिकडे चौकशीला कारण ठरते. तिथल्या सरकारी संकेतस्थळावर प्रवासाआधी परवानगीसाठी अर्ज करता येतो. डॉक्टरांचे प्रिस्क्रिप्शन व प्रकृतीचा अहवाल जोडावा लागतो. मुलाला तो भरायला सांगा, आणि मंजुरीची छापील प्रत सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवा. प्रिस्क्रिप्शनवरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे. आपल्या घरी 'आक्का' म्हणतात म्हणून डॉक्टरांनीही तेच लिहिले, असे होते, म्हणून हे सांगते. डॉक्टरांनी झोपेची गोळी महिनाभर बंद ठेवायला संमती दिली तर उत्तमच, पण ती आपल्या मनाने एकदम बंद करू नये.

दिवाळीचा फराळ नेणार असाल, तर अनारसे इथेच खाऊन जा. त्यांना लावलेली खसखस तिथे बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, आणि कायदा अनारसा किती जाळीदार झाला आहे ते पाहत नाही. मसाल्याच्या पुड्यांतही खसखस नाही ना, हे बघा. विम्याचे म्हणाल तर मुलाचा कंपनीचा विमा पाहुण्या आजीला लागू होत नाही. महिन्याभराची पॉलिसी इथूनच घ्यावी.

प्रश्न : पर्यटन कंपनीबरोबर बारा दिवस युरोपला जात आहोत. सहलीच्या शुल्कात विमा धरलेला आहे. वेगळा घ्यावा का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचे संरक्षण लागते, त्यात तातडीचे उपचार, रुग्णालय आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च, मृत्यू झाल्यास पार्थिव आणण्यासह, बसावा लागतो आणि ते सर्व शेंगेन देशांत, संपूर्ण मुक्कामात लागू असावे लागते. कंपनीचा विमा ही अट पूर्ण करणाराच असणार, अन्यथा व्हिसा मिळणार नाही. पण व्हिसाला पुरेसा म्हणजे आजारपणाला पुरेसा, असे समजू नका. पॉलिसीची स्वतःच्या नावाची प्रत मागून घ्या, वयाची मर्यादा आणि आधीपासूनच्या आजारांचे कलम वाचा, आणि सहल लंडनलाही जात असेल तर ते त्यात आहे ना हे पाहा, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. युरोपभर तातडीसाठी ११२ हा क्रमांक चालतो. दाताचा जुना त्रास असेल तर तो जाण्यापूर्वीच उरकून घ्या. प्रवास विमा दाताच्या बाबतीत फार चिकट असतो.

प्रश्न : आम्ही पाच मित्र, पन्नाशीचे, सह्याद्रीत नियमित भटकणारे. एप्रिलमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पला जात आहोत. नेपाळसाठी विम्याची गरज आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : गरज आहे. नेपाळला व्हिसा लागत नाही म्हणून तो परदेश वाटत नाही, इतकेच. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे आणि आपला कळसूबाई १,६४६ मीटरवर. सह्याद्रीतल्या सरावाने दम टिकतो, परंतु उंचीचा आजार दम पाहून येत नाही. साध्या प्रवास पॉलिसीत गिर्यारोहण वगळलेले असते किंवा उंचीला मर्यादा घातलेली असते. आपल्याला ६,००० मीटरपर्यंतचे पदभ्रमण आणि हेलिकॉप्टरने सुटका, हे दोन्ही लेखी असलेली पॉलिसी हवी.

हेलिकॉप्टरच्या बाबतीत सावध राहा. किरकोळ डोकेदुखीवरही पर्यटकांना हेलिकॉप्टरने काठमांडूला आणून विमा कंपन्यांकडून फुगवलेली बिले वसूल केल्याची प्रकरणे २०१८ मध्ये उघडकीस आली आणि नेपाळ सरकारला चौकशी करावी लागली. त्यानंतर विमा कंपन्या फार काटेकोर झाल्या आहेत : हेलिकॉप्टर बोलावण्यापूर्वी त्यांच्या मदत क्रमांकावर फोन करून मंजुरी घेतली नसेल, तर पैसे मिळणे कठीण. हा क्रमांक पाचही जणांकडे कागदावर लिहिलेला असावा, कारण थंडीत फोनची बॅटरी लवकर उतरते, आणि एकाची प्रकृती बिघडली तर फोन दुसऱ्यालाच करावा लागणार आहे. वाटाड्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की हेलिकॉप्टरचा निर्णय आपल्या गटाचा असेल. याचा दुसरा अर्थ मात्र काढू नका. चालताना झोक जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले, किंवा बसल्या जागीही धाप लागली, तर मंजुरीची वाट न पाहता त्याच क्षणी, रात्र असली तरी, खाली उतरायला लागायचे. फोन उतरता उतरता करता येतो. उंचीच्या त्रासासाठीची डायमॉक्स गोळी घेण्याचा विचार असेल तर डॉक्टरांना विचारून एकदा इथे घरी घेऊन पाहा. बोटांना मुंग्या येणे व वारंवार लघवीला लागणे हे तिचे नेहमीचे परिणाम आहेत, ते आधी अनुभवलेले असले म्हणजे वर गेल्यावर घाबरायला होत नाही. आणि पन्नाशीच्या पाच जणांपैकी एखाद्याला रक्तदाबाची गोळी चालू असणारच. त्याने ती अर्जात लिहावी.